वाड्यातली गणेशपट्टी फ्लॅटच्या भिंतीला कशी लावावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावचा वाडा उतरवला, त्यातली मुख्य दारावरची, गणपती कोरलेली सागवानी गणेशपट्टी तुमच्या वाट्याला आली. लांबी ४ फूट, उंची १० इंच, जाडी २ इंच. पुण्यातल्या नव्या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या वर कारपेंटरनं दोन गिट्ट्या (भोकात बसवून स्क्रूला पकड देणारे प्लॅस्टिकचे प्लग) ठोकून आणि मागे दोन कड्या लावून ती टांगली. महिन्याभरात डावी बाजू गिट्टीसकट बाहेर आली. आता कारपेंटर म्हणतो, समोरूनच चार स्क्रू आरपार मारू. घरचे म्हणतात, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणा, किती किलो पेलते ते पाकिटावरच लिहिलेलं असतं. शिवाय महिरपीचा एक तुकडा न्यू जर्सीतल्या भावाला पाठवायचा आहे, त्याचंही विचारलंय.

टेप नको आणि आरपार स्क्रू तर मुळीच नको. पट्टी मागून, तिरक्या जोडपट्टीवर बसवा. आणि जमलं तर सोफ्यावरून हलवून दारावर न्या. आता सविस्तर सांगतो.

आधी वजनाची भीती काढून टाकू. जुनं वाळलेलं सागवान घनफुटाला साधारण १८ किलो भरतं. तुमच्या मापाची पट्टी अर्ध्या घनफुटापेक्षा थोडी जास्त होते, म्हणजे १० किलोच्या आसपास. कोरीव कामात बरंच लाकूड निघून गेलेलं असतं, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच असेल. घरात वजनकाटा असेल तर एकदा नुसते उभे राहा, एकदा पट्टी घेऊन, आणि वजाबाकी करा. धड बसलेल्या चार स्क्रूंना हे वजन जाणवणारसुद्धा नाही. तेव्हा तुमची पट्टी जड होती म्हणून पडली, हे कारण खरं नाही.

तुम्ही लिहिलंय, कारपेंटर म्हणाला की ड्रिलचा बिट अगदी सहज आत गेला. तिथंच उत्तर आहे. पुण्या-मुंबईकडच्या नव्या इमारतींत भिंती दोन प्रकारच्या निघतात. एक, ज्याला आपल्याकडे सगळे सरसकट सिपोरेक्स म्हणतात ते एएसी ब्लॉक: हलके, आतून सच्छिद्र. दुसरी, मिवान पद्धतीची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली सलग काँक्रीटची भिंत. जुन्या सोसायट्यांत अर्थातच विटा. कुठली आहे ते कळायला सोपी युक्ती म्हणजे पट्टीच्या मागे झाकली जाईल अशा जागी एक बारीक भोक पाडून बाहेर पडणारी भुकटी तळहातावर घेणं. सुरुवातीला येणारा पांढराशुभ्र मऊ चुरा भिंतीवरच्या जिप्समच्या गिलाव्याचा, तो मोजायचा नाही. त्यानंतर लाल आली तर वीट. करडी, पिठासारखी आली आणि बिट पुढे सरकायला तयार नसेल तर काँक्रीट. पांढरट करडी, रव्यासारखी भरड भुकटी आली आणि बिटनं काही तक्रार केली नाही, की सिपोरेक्स.

सिपोरेक्स वाईट नाही. फक्त त्याला विटेची वागणूक देऊन चालत नाही. विटेत साधी प्लॅस्टिकची गिट्टी फुगते आणि भोकाच्या भिंतींना घट्ट दाबून धरते. सिपोरेक्समध्ये ती फुगते खरी, पण बाजूचा ब्लॉकच चुरडतो आणि पकड सैल होते. त्यात ड्रिल हॅमरवर (फिरता फिरता ठोके देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून मारलं असेल, आणि बहुतेक वेळा सवयीनं ठेवलेलं असतंच, तर भोक गोल न राहता तोंडाशी फसकटलेलं असतं. शिवाय दीड इंची गिट्टी घेतली असेल तर त्यातला अर्धा इंच जिप्सममध्येच गेला. ब्लॉकच्या वाट्याला उरला इंचभर.

पण माझ्या मते खरा घात कड्यांनी केला. कडीत अडकवायचं म्हणून स्क्रूचं डोकं भिंतीपासून पाऊण-एक इंच बाहेर ठेवावं लागतं. पट्टीचं सगळं वजन त्या बाहेर आलेल्या टोकावर. म्हणजे स्क्रू तरफेसारखा काम करतो, टोक खाली जातं आणि भोकाच्या तोंडाची खालची कड रोज थोडी थोडी दाबली जाते. येता-जाता कोणी पुसताना हात लावला, दार आपटलं, की आणखी. महिनाभर तग धरला हेच पुष्कळ. तोच स्क्रू एखाद्या पट्टीतून भिंतीला अगदी चिकटून आवळला असता तर तरफ उरलीच नसती.

कड्यांमध्ये तार ओवून मधल्या एका खिळ्यावर टांगण्याचा सल्ला कोणी दिला तर तोही ऐकू नका. लांबट वस्तूला तार जवळजवळ आडवी राहते, आणि तार जितकी आडवी तितका ताण जास्त. तार आडव्या रेषेशी ३० अंशाचा कोन करत असेल तर तिच्या प्रत्येक बाजूवर पट्टीच्या पूर्ण वजनाइतका ताण येतो. १५ अंशाला तो जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे १० किलोच्या पट्टीसाठी प्रत्येक कडी २० किलोनं आतल्या बाजूला ओढली जाते, तीही जुन्या, कोरड्या लाकडात.

टेपबद्दल एवढंच सांगतो. पाकिटावरचा आकडा गुळगुळीत, स्वच्छ, टणक पृष्ठभागासाठी असतो. तुमच्या घरात टेप भिंतीला चिकटत नाही, रंगाला चिकटते. रंग चिकटलाय लांबीला (पुट्टीला), लांबी जिप्समला. यातला सगळ्यात कच्चा थर सुटला की टेपसकट पापुद्रा हातात येतो. आणि मागची बाजू बघितलीत का? वाड्याच्या लाकडाची मागची बाजू बहुधा तासणीनं तासलेली असते, खडबडीत. तिथं टेपला टेकायला जागाच कमी. सावंतवाडीहून आणलेलं पावशेराचं रंगीत लाकडी तोरण टेपवर राहील, ही पट्टी नाही.

आरपार स्क्रूचा विचार मात्र डोक्यातून कायमचा काढून टाका. कोरीव कामात पाडलेलं भोक परत भरून निघत नाही, लाकडाचा भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून कितीही सफाईनं भरलं तरी. आणखी एक कारण आहे. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. ही हालचाल लाकडाच्या रेषांच्या दिशेनं जवळपास नसते, रेषांना आडवी असते. तुमच्या पट्टीत रेषा लांबीला आहेत, त्यामुळे ४ फुटांत फरक पडणार नाही, पण १० इंच उंचीत मे आणि ऑगस्टमध्ये दोनेक मिलिमीटरचा फरक पडू शकतो. वर दोन आणि खाली दोन असे घट्ट स्क्रू मारून भिंतीला जखडलंत की लाकडाला हलायला वाव राहत नाही. मग ते चिरतं, आणि चिरतं ते जिथं सगळ्यात पातळ आहे तिथं, म्हणजे कोरीव कामाच्या खोल भागात.

आता जागा. गणपती सोफ्याच्या मागे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याची त्याच्याकडे पाठ आणि उंच माणूस टेकला तर डोकं पट्टीच्या खालच्या कडेला. मला स्वतःला ते पटत नाही, पण ते सोडा, त्याहून मोठं कारण बांधकामाचं आहे. भिंत सिपोरेक्सची असली तरी दाराच्या डोक्यावर बहुतेक ठिकाणी काँक्रीटचं लिंटेल, म्हणजे दारावरचा भार पेलणारी आडवी पट्टी, असतं. गणेशपट्टीची मूळ जागा दारावरची, आणि फ्लॅटमध्येही भिंतीतली सगळ्यात भक्कम जागा नेमकी तीच. दार साधारण ७ फुटांचं, वर तुळईपर्यंत किंवा फॉल्स सीलिंगपर्यंत दीड-दोन फूट मिळतात. १० इंचांच्या पट्टीला पुरेसं झालं. मुख्य दाराच्या आतल्या बाजूला लावा. बाहेर पॅसेजमध्ये नको. तिथं पावसाची झड येते, शिवाय सोसायटीची परवानगी लागते ती वेगळीच.

लिंटेलमध्ये ड्रिल हॅमरवरच चालवायचं. साधं घरगुती ड्रिल दमतं, रोटरी हॅमर भाड्यानं मिळतं ते आणायला सांगा. भोक लिंटेलच्या उंचीच्या मधोमध घ्या, कारण सळया वरच्या आणि खालच्या कडेजवळ असतात. तरी लोखंड लागलंच (आवाज बदलतो, बिट तापतो, भुकटी थांबते) तर तिथंच थांबून इंचभर बाजूला सरका. सळई कापत बसायचं नाही. बेलची वायर कुठून वर गेलीय ते आधी बघा. स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली कधीच भोक पाडायचं नाही, तसंच भिंतीच्या पलीकडे बाथरूम असेल तर नळाच्या रेषेत पाडायचं नाही.

दारावर नको, सोफ्यावरच हवी असं घरात ठरलं तरी काम होईल. फक्त गिट्ट्या बदला. सिपोरेक्ससाठी वेगळ्या नायलॉनच्या गिट्ट्या मिळतात, अंगावर रुंद, पिळाच्या पात्यांच्या. दुकानात नुसतं ‘फिशर द्या’ म्हणू नका, ‘एएसी ब्लॉकसाठीची’ असं स्पष्ट सांगा. ड्रिल हॅमर बंद करून चालवा. बिट पाकिटावर लिहिलेल्या मापाचाच आणि एकदाच सरळ आत-बाहेर. साफ करायला म्हणून चार वेळा फिरवलात की भोक मोठं झालंच. आतल्या भिंती बऱ्याचदा ४ इंचीच असतात, म्हणून भोक ७० मिमीच्या पुढे नेऊ नका, नाहीतर पलीकडच्या खोलीतला गिलावा फुटून बाहेर येतो. बिटला ७० मिमीवर रंगीत टेप गुंडाळली की काम भागतं. आधीच्या फसकटलेल्या भोकांत काड्या आणि पीओपी कोंबून तीच परत वापरायचा मोह होतो. ती नुसती बुजवा आणि नवी भोकं तीन-चार इंच लांब घ्या.

आता जोडपट्टी. १८ मिमीचा चांगला मरीन प्लाय किंवा साधारण तेवढ्याच जाडीची सागवानी फळी घ्या, ५ इंच रुंद, ३ फूट लांब. ती लांबीत मधून ४५ अंशांत उभी चिरायची. दोन पट्ट्या मिळतात, दोघींची एक एक कड तिरकी. एक भिंतीला लावायची, तिरकी कड वर आणि उतार भिंतीच्या दिशेनं, म्हणजे कडेचं धारदार टोक भिंतीपासून लांब आणि मागे भिंतीशी खाच तयार होते. दुसरी गणेशपट्टीच्या मागे, तिरकी कड खाली आणि तिचंही धारदार टोक लाकडापासून लांब. वरची पट्टी खालचीच्या खाचेत बसते आणि वस्तू स्वतःच्या वजनानं भिंतीकडे ओढली जाते. बाहेरून काहीही दिसत नाही, आणि घर रंगवायच्या वेळी दोघांनी उचलली की निघाली. भिंतीवरच्या पट्टीला चार स्क्रू, साधारण १० इंचांच्या अंतरानं, आणि ती अगदी समतल हवी. तिथं पाणसळ लावून बघा. छताच्या किंवा फरशीच्या रेषेवर विसंबू नका, त्या क्वचितच सरळ असतात.

दोन गोष्टी बहुतेक जण विसरतात. पट्टी बसवताना ती आधी वर उचलून मग खाली सोडावी लागते, म्हणून वरती किमान इंचभर मोकळी जागा हवी, नाहीतर फॉल्स सीलिंगला टेकते आणि आत जातच नाही. आणि वर १८ मिमीची जोडपट्टी असल्यामुळे खालची बाजू भिंतीकडे झुकते, म्हणून मागे खालच्या कडेला त्याच जाडीचा प्लायचा तुकडा दोन्ही टोकांना लावा. भिंतीला टेकणाऱ्या बाजूला त्यावर नमद्याचा किंवा रबराचा छोटा गोल चिकटवा. दारावर लावणार असाल तर जोडपट्टी खाचेतून वर उठू नये म्हणून बाजूनं एक छोटा अडसर-स्क्रू जरूर मारा. दार आपटतं, आणि खाली माणसं उभी असतात.

जोडपट्टी गणेशपट्टीला जोडताना सगळ्यात जास्त काळजी घ्या. काठाला जाडी २ इंच असली तरी मूर्तीच्या बाजूला जिथं कोरीव कामाची जमीन (मागचा सपाट भाग) खोल गेलीय तिथं जेमतेम पाऊण इंच लाकूड उरलेलं असू शकतं. कॅलिपरनं पुढून-मागून पकडून प्रत्येक स्क्रूच्या जागी जाडी मोजा आणि मागे पेन्सिलीनं लिहून ठेवा. १८ मिमी प्लाय आणि लाकडात २० मिमी, असा दीड इंची स्क्रू जिथं जाडी भरपूर आहे तिथं चालेल. बाकी ठिकाणी आखूड घ्या किंवा ती जागा सोडून द्या. मागून चुंबक फिरवा. जुन्या लाकडात तुटलेले मोळे हमखास असतात, त्यावर बिट गेला तर बिट तुटतो आणि मोळा आत आणखी फाडतो. आठ नंबरच्या स्क्रूला आधी ३ मिमीचं भोक पाडा, पिळावर मेणबत्ती किंवा कपडे धुण्याचा साबण घासा आणि शेवटचे चार फेरे हातानंच द्या. जुनं सागवान कोरडं आणि ठिसूळ झालेलं असतं, मशीननं आवळलं तर पकड तुटून स्क्रू नुसता फिरत राहतो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या. ते काळे, ड्रायवॉलचे स्क्रू कारपेंटर प्रत्येक कामाला वापरतात, पण ते कडक असल्यामुळे वाकत नाहीत, तडकन तुटतात. आणि साधं लोखंड दमट हवेत सागवानावर काळे डाग सोडतं.

पट्टी परत चढवण्याआधी दोन-तीन आठवडे पांढऱ्या कागदावर ठेवून द्या. कागदावर बारीक पिवळसर भुगा पडला तर लाकूड पोखरणारा भुंगेरा जिवंत आहे. टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकांत इंजेक्शनच्या सिरिंजनं कीडनाशक भरा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आठवडाभर ठेवा आणि पुन्हा कागदावर ठेवून बघा. वाळवीचे मातीचे पोपडे दिसले तर आणखी सावध राहा, कारण ती एकदा घरातल्या दारांच्या चौकटींत शिरली की प्रकरण गणेशपट्टीपुरतं राहत नाही.

ऑइलपेंटचे थर असतील, आणि वाड्यांत ते असतातच, तर सँडपेपर हातात घेऊ नका. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या घरात उडवण्यासारखी गोष्ट नाही. रंग काढणारं जेल लावून, मऊ झालेला थर लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीनं उचलायचा, खाचांत दात घासायचा जुना ब्रश. खिडक्या उघड्या, हातात मोजे. कॉस्टिक सोड्यानं धुऊन देतो म्हणणारे भेटतील. सागवान त्यानं काळवंडतं आणि तंतू सुटतात. खरं सांगायचं तर मी सगळा रंग काढायच्या बाजूचा नाही. खाचांत उरलेला हिरवा-लाल रंगही त्या दाराचाच आहे. वर पॉलिश हवंच असेल तर कडक चकाकीचं नको, तेलाचा एक पातळ हात पुरे. जवसाच्या तेलानं पुसलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा आणि मग टाका.

बाहेरच्या भिंतीवर, खास करून पश्चिमेच्या, लावायची वेळ आलीच तर जोडपट्टीमुळे मागे राहणारी पाऊण इंचाची पोकळी बुजवू नका. मागून हवा खेळती राहिली तर भिंतीची ओल लाकडात जात नाही. पहिला पावसाळा संपला की एकदा उतरवून मागची बाजू बघा, बुरशीचे पांढरे ठिपके असतील तर जागा बदला.

राहता राहिली भावाची महिरप. वाडा किती जुना आहे यावर सगळं अवलंबून आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुन्या कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत, मग ती तुमच्या आजोबांच्या घरातली असली तरी. तुकडा त्याहून नवा असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तो पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र आधी घ्या, नाहीतर विमानतळावर सामान अडतं. वाडा जुना निघाला तर दोन्ही वस्तू तुमच्याकडेच राहतील. महिरपीच्या तुकड्यालाही हीच जोडपट्टी चालते, फक्त तो लहान असल्यामुळे एक फूट लांबीची पुरेल आणि स्क्रू दोन.